गुलमर्गला पहिल्यांदाच स्की करणार आहोत. घरात तीन पिढ्या. काय काय सांभाळू?

घाटवाटकर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्गला जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं काढून झालीत, म्हणजे आता माघार नाही. मी ४४, बायको ४१, लेक ११ वर्षांची आणि सोबत बाबा, वय ७२. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, पण चिंचवडात रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात आणि मला हळू चालतो म्हणून बोलतात.

गुलमर्गला चार दिवस आहोत. मी, बायको आणि लेक स्की शिकणार. बाबांना बर्फ बघायचाय, बस. वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड. त्यामुळे पायांची काळजी नाही, असं मला वाटतं.

ऑफिसातला एक जण म्हणतो, "काही नसतं रे, तिथले गाइड हात धरून नेतात." बायकोने मोबाइलवर शोधलं तर तिला फक्त हिमस्खलनाच्या बातम्या दिसल्या. खरं या दोघांच्या मधे कुठेतरी असणार. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा: नेमकं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? सात आठवडे हातात आहेत.

कांदेपोहे_विनाकांदा

सगळ्यात आधी घाबरायचं ते टंगमर्गला भाड्याने मिळणाऱ्या लांब फरच्या कोटाला. त्यात माझ्या आधीच्या चाळीस पर्यटकांचा वास होता. 😄

कामाचं एक सांगतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आमच्या ग्रुपमधले तिघे एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला, दीड तास कुणाचा कुणाला पत्ता नाही. बर्फात हे बरं नव्हे. निदान दोन फोन तरी पोस्टपेड ठेवा.

डावा गुडघा

घाटवाटकर, तुमचं "पायांची काळजी नाही" वाचलं आणि लिहायला बसले. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते. मी नाशिकची. साल्हेर, हरिहर, अंजनेरी हे माझं शनिवार-रविवारचं अंगण. माझं इथलं नाव असं का, हे आता कळेल.

आपण घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावरून, कसं उतरतो ते आठवा. वजन मागे, टाच रोवायची, गुडघे सैल, फारच वाटलं तर सरळ बूड टेकवायचं आणि हाताने आधार घ्यायचा. वीस वर्षांत हे शरीरात इतकं मुरतं की विचारच करावा लागत नाही. स्कीवर नेमकं याच्या उलट. उतार दिसला की पुढे झुकायचं. इतकं की नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. वजन मागे गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, मग ती वळत नाही, थांबत नाही, तुम्हाला घेऊन पळते. आणि पळायला लागली की घाबरून आपण अजून मागे बसतो. ज्याने आयुष्यात डोंगर पाहिला नाही असा मुंबईचा एक कॉलेजचा पोरगा माझ्याबरोबर शिकत होता. तो दुसऱ्या दिवशी माझ्या पुढे गेला, कारण त्याला विसरायचं काहीच नव्हतं.

माझं झालं ते असं. चौथा दिवस, शेवटचा. दुपारचे साडेतीन. शिकवणारे उस्ताद म्हणाले होते, आता पुरे, पाय थकलेत तुमचे. मी म्हटलं, एकच फेरी. दुसऱ्या दिवशी विमान, दिवसभराच्या भाड्याचे पैसे वसूल करायचे, शिवाय नवऱ्याला व्हिडिओ काढायचा होता. त्या वेळेला गुलमर्गच्या उतारावर काय होतं ते लक्षात घ्या. दिवसभर उन्हाने मऊ झालेला बर्फ सावली आली की परत कडक होतो, आणि उजेड इतका सपाट होतो की खड्डा आणि उंचवटा एकसारखेच पांढरे दिसतात. मला एक उंचवटा दिसला नाही. तोल मागे गेला आणि वीस वर्षांच्या सवयीने मी काय केलं? बूड टेकवायला गेले.

वेग म्हणाल तर सायकलवर दळण आणायला निघालेल्या माणसाइतका. पण डावी स्की आतल्या कडेवर अडकून एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. गुडघ्यातून 'पट्' असा आवाज आला, हिरवी शेंग मोडावी तसा. दुखलं फार नाही, हेच फसवं. मी उठून चाललेसुद्धा. हॉटेलवर पोचेपर्यंत गुडघा खरबुजाएवढा. नाशिकला एमआरआय काढला तेव्हा कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून नवीन लिगामेंट बसवलं, आणि डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली तोवर नऊ महिने उलटले होते.

आता लोक विचारतात, स्की बुटातून सुटते ना? सुटते. तिला जोडणारी बाइंडिंग पुढच्या टोकाला बाजूला सुटते आणि टाचेकडे वरच्या दिशेने सुटते. पण हळू वेगात, मागे बसत, पीळ घेऊन पडणाऱ्या माणसाला ती पकडतेच असं नाही. त्यात माझ्या दुकानदाराने वजन विचारलंच नव्हतं. बूट घुसवला, खटका वाजला, चला. ती बाइंडिंग किती जोराला सुटावी याचा एक आकडा असतो, स्क्रूने फिरवून लावतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही नवखे की सरावलेले, यावरून तो ठरतो. दुकानदाराने नाही विचारलं तर तुम्ही स्वतः सांगा, आणि त्याने स्क्रू फिरवलेला डोळ्यांनी बघा. लेकीच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तिच्या आधी ती स्की कुणाच्या पायात होती कुणास ठाऊक. आणि मंडळी, वजन खरं सांगायचं! तिथे लाजू नका.

बूट: उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. सुती काहीच नको. जीन्स तर अजिबात नको, एकदा भिजली की ओला टॉवेल गुंडाळल्यासारखी होते.

सात आठवडे आहेत तर जिने *उतरा*. चढू नका, चढणं तुम्हाला येतंच. दात घासताना एका पायावर उभे राहा. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं एक मिनिटापासून सुरू करा. मी आता पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा उतरते.

आणि हो, ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मी परत गेले. स्की केली. फक्त घड्याळ लावून. दुपारी अडीचनंतर बंद, कुणी कितीही आग्रह करो.

घाटवाटकर

ताई, घसाऱ्याचं वाचून पोटात गोळा आला. मी खरंच तसाच उतरतो. नळीच्या वाटेवर दोन पँटी फाडल्यात बुडाच्या.

पडायचंच असेल तर मग कसं पडावं?

डावा गुडघा

बाजूला. डोंगराकडच्या बाजूला, कुशीवर, पाय मोकळे सोडून. पडताना परत उभं राहायची धडपड नको. घसरत असाल तर घसरू द्या, थांबल्यावर उठा. पहिल्या तासात उस्तादांकडून मुद्दाम पडून आणि उठून घ्या. सगळे हसतील, हसू द्या. लेकीला ते लगेच जमेल. तिला 'पिझ्झा' शिकवतील, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, वेग कमी करायला. एकदा ते कळलं की पोरं ऐकत नाहीत. पहिला दिवस काठ्या देऊ नका तिला.

मिरजकर हाडवैद्य

डावा गुडघा यांनी माझं निम्मं काम केलं. काठ्यांवरून एक जोडतो. पट्टा मनगटात अडकवलेला असताना पडलं की अंगठा काठीत अडकून उलटा ताणला जातो. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूचं लिगामेंट फाटतं. लोक 'मुरगळला असेल' म्हणून महिनाभर हळद लावत बसतात आणि मग चिमट्यात किल्ली धरता येत नाही म्हणून माझ्याकडे येतात. नवख्याने पट्टा मनगटात घालूच नये, पडताना काठी सोडून द्यावी.

आता बाबांबद्दल. तुमच्या घरात सगळ्यात जास्त धोका त्यांना आहे, आणि तो स्की उतारावर नाही. हॉटेलच्या अंगणात, बाथरूमबाहेरच्या फरशीवर, गाडीतून उतरताना पहिल्या पावलाला आहे. तुडवला गेलेला बर्फ रात्री काचेसारखा होतो. ७२ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं चालणं तिथेच थांबू शकतं. बुटावरून चढवायचे रबरी पट्ट्याचे लोखंडी काटे मिळतात, ते पुण्यातूनच घेऊन जा. छोटी पावलं, पाय जरा फाकून, बदकासारखं चालायचं, हात खिशात घालायचे नाहीत. फरशीवर आत येताना मात्र काटे काढायला लावा, नाहीतर आतच घसरतील.

उंची: गुलमर्ग सुमारे २६५० मीटर आहे. पहिली रात्र श्रीनगरला काढा, ते सोळाशेच्या आसपास आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदोरीला तीन हजाराच्या जरा वर नेतो, दुसरा अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरवर. म्हणजे एकावर एक रचलेल्या जवळजवळ अडीच कळसूबाया, आणि त्यातले शेवटचे तेराशे मीटर काही मिनिटांत. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने दुसऱ्या टप्प्याच्या नादी लागू नये, आणि पहिल्या टप्प्याचंही त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, असं कुणालाही झालं तर वर जायचं नाही. वाढतच गेलं, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला साधा मार लागला तरी तो साधा समजू नका. दवाखाना गाठा.

लेकीच्या गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर लक्ष ठेवा. कातडी पांढरट, मेणासारखी दिसली आणि तिला तिथे काही जाणवेना, तर आत न्या. आपल्या कोमट तळव्याने झाका, बोटं असतील तर काखेत धरा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. आणि बुखारीजवळ (खोलीतली शेगडी) किंवा कांगडीवर (निखाऱ्यांचं मडकं) धरायचं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही, तिथे फोड आलेले मी पाहिलेत. आजोबा मंडळी 'अंगात ऊब येते' म्हणून घोटभर घेतात. ऊब वाटते ती कातडीकडे गेलेल्या रक्ताची असते, शरीर आतून उलट गारच पडतं.

गॉगल साधा काळा नको, यूव्ही अडवणारा हवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. ढगाळ आहे म्हणून गॉगल काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

कांदेपोहे_विनाकांदा

डॉक्टर, हेल्मेटच्या आत माकडटोपी चालते का? खरंच विचारतोय, आमच्या तीर्थरूपांचा प्रश्न आहे.

मिरजकर हाडवैद्य

नाही. जाड टोपीवर हेल्मेट घट्ट बसत नाही, आपटलं की फिरतं. पातळ घट्ट टोपी चालते. माकडटोपी सज्जात बसून चहा पिताना.

बर्फातला गुहागरकर

कॅलगरीहून नमस्कार. समुद्रकाठी वाढलेला माणूस, इथे येऊन चौदा हिवाळे झाले. पोरं इथली, त्यांच्यामुळे शिकलो.

वहिनींच्या हिमस्खलनाच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाही, फक्त पत्ता चुकलाय. गुलमर्गला फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन गेला. हे लोक शिकाऊ उतारावर नव्हते, तुडवलेल्या वाटा सोडून ताज्या बर्फात होते. बर्फाचा थर सुटतो तो बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. गोल्फच्या मैदानाजवळ तुम्ही जिथे पिझ्झा शिकाल तिथला उतार याच्या जवळपासही नसतो.

पण दोन दिवसांत जमायला लागलं की कुणीतरी म्हणेल, "सर, उधर फ्रेश पावडर है, कोई नहीं जाता." कोई नहीं जाता, याला कारण असतं. त्या बाजूला जाणाऱ्याकडे तीन वस्तू लागतात: शोध लागावा म्हणून अंगावर सिग्नल देणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडं. शिवाय त्या वापरता येणारा सोबती. गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर आशा, त्यानंतर ती झपाट्याने संपते. तितक्या वेळात खालून कुणी पोचत नाही, सोबतच्यानेच काढायचं असतं. तुमच्याकडे हे नाही, तर प्रश्नच मिटला. आदल्या रात्री खूप बर्फ पडला असेल आणि दुसरा टप्पा बंद ठेवला असेल, तर तिकीटवाल्याशी हुज्जत घालू नका. तो तुमच्यावर उपकार करतोय.

गर्दीचे नियम कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. खाली, पुढे जो आहे त्याचा हक्क पहिला. तो कसाही वळो, टाळायचं काम वरून येणाऱ्याचं. थांबायचं तर उताराच्या कडेला, वरून दिसेल अशा जागी. निघताना आधी वर बघायचं. आपल्याकडे मधोमध उभं राहून सेल्फी काढतात. गुलमर्गला तर त्याच उतारावर लाकडी स्लेजही येतात आणि स्लेजला ब्रेक म्हणजे ओढणाऱ्याच्या टाचा. मफलर, ओढणी असलं लोंबणारं काही नको, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतं. गळ्याला नळीसारखी पट्टी घाला.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोलीत गॅसचा हीटर किंवा निखारे पेटते ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपायचं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामनला केरळमधले आठ पर्यटक, त्यात लहान मुलं, एका खोलीत असेच गेले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इथे आमच्या घरात भिंतीवर त्याचा भोंगा असतो. खिशात मावणारा बॅटरीवरचा मिळतो, तो बॅगेत टाका. झोपायला विजेची गादी किंवा गरम पाण्याची पिशवी पुरते.

घाटवाटकर

सगळं छापून फ्रिजवर लावलंय. बाबा रोज वाचतात आणि 'बदक' शब्दावर नाराज आहेत.

घाटवाटकर

(फेब्रुवारी अखेर)

परत आलो. चौघेही अख्खे.

आधी कबुली. दुकानात वजन विचारलं. चांगलं दुकान होतं, वयही विचारलं. बायको शेजारी उभी होती आणि आदल्याच आठवड्यात मी तिला ७८ सांगितलं होतं. तर मी ७८ म्हणालो. खरं ८६ आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक चौथ्या वळणावर माझी स्की सुटून एकटीच खाली जायची आणि लेक ती आणून द्यायची. उस्तादांनी शेवटी बाइंडिंगकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता दुकानात घेऊन गेले. बायकोसमोर खरा आकडा सांगावा लागला.

घसाऱ्याची सवय ताई म्हणाल्या तशीच नडली. दोन दिवस उस्ताद एकच वाक्य ओरडत होते, "आगे, सर, आगे!" मी शेवटी मोज्याच्या वरच्या कडेला, नडगीवर, एक नाणं ठेवलं. ते टोचत राहिलं की मी पुढे आहे, टोचायचं थांबलं की मागे बसलोय. उस्ताद हसले, पण तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा सलग दहा वळणं झाली. (निळा डाग अजून आहे. डॉक्टर, हे करू नका म्हणाल तर मान्य.)

दुसरा टप्पा वाऱ्यामुळे दोन दिवस बंद होता. आमच्या रांगेतले एक गृहस्थ तिकीटवाल्याशी भांडत होते, तेव्हा गुहागरकरांची आठवण झाली. आम्ही कोंगदोरीलाच कहवा पिऊन उतरलो. बाबा डॉक्टरांना विचारूनच तिथवर आले होते. लेकीच्या नाकाचा शेंडा तिथे एकदा पांढरा झाला. बायकोने तळवा धरला आणि पाच मिनिटांत ठीक.

बाबांनी काटे लावायला पहिल्या दिवशी साफ नकार दिला. संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर त्यांच्यापेक्षा तरुण एक सरदारजी सपशेल आडवे झाले. बाबा आत आले, पिशवी उघडली, काटे चढवले. त्यानंतर अंगात फेरन, बुटाला काटे आणि चाल बदकाची. आता उत्तराखंडातल्या औलीचं विचारताहेत, तिथेही स्की करतात ना.

डावा गुडघा

वाचून बरं वाटलं. शेवटच्या दिवशी किती वाजता थांबलात ते लिहिलं नाहीत.

घाटवाटकर

पावणेतीन.

डावा गुडघा

पंधरा मिनिटं जास्त.